मायक्रोक्वासारची मॉडेल्स : जुळतात, पण पटतात का?

(ऑनलाइन व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. प्रश्नोत्तरांतले दोन प्रश्न शेवटी दिले आहेत.)

आवाज नीट येतोय ना सगळ्यांना? ठीक, सुरुवात करू.

एरवी आपण इथे एखादा शोध घेतो, तो समजून घेतो आणि थांबतो. आज समजून तर घ्यायचंच आहे, पण पुढे जाऊन त्याचं परीक्षणही करायचं आहे. कारण असं की गेल्या सात-आठ वर्षांत मायक्रोक्वासार नावाच्या वस्तूंकडून अतिशय तीव्र गॅमा किरण येताना सापडले, आणि लगेच 'वैश्विक किरणांचा उगम सापडला' अशा अर्थाच्या बातम्या सुरू झाल्या. शंभराहून जास्त वर्षं अडलेला प्रश्न सुटला, असं म्हणायचं असेल तर ज्या गणिती मॉडेल्सच्या जोरावर ते म्हटलं जातंय ती किती भक्कम आहेत, हे बघायला हवं.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला ते तपासता येईल. इलेक्ट्रॉनच्या बाबतीत, एका ठिकाणी, मॉडेल भक्कम आहे. प्रोटॉनच्या बाबतीत अजून नाही. आणि वैश्विक किरणांचा मूळ प्रश्न हा मुख्यतः प्रोटॉनचा प्रश्न आहे.

प्रश्न काय आहे

१९१२ साली व्हिक्टर हेस बलूनमधून पाच किलोमीटरच्या वर गेले आणि त्यांना आढळलं की वर जावं तसं किरणांचं प्रमाण वाढतं. म्हणजे काहीतरी बाहेरून येतंय. ते 'काहीतरी' म्हणजे बहुतांशी प्रोटॉन. त्यांची ऊर्जा आणि संख्या यांचा आलेख काढला तर ऊर्जा वाढेल तशी संख्या घटत जाते, आणि साधारण ३ पीईव्हीपाशी आलेख अचानक अधिक उताराला लागतो. या वळणाला 'गुडघा' म्हणतात.

एकक समजून घेऊ. एक टीईव्ही म्हणजे एक लाख कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट. जिनिव्हाजवळच्या एलएचसी यंत्रात एका प्रोटॉनला ६.८ टीईव्ही ऊर्जा देतात. एक पीईव्ही म्हणजे हजार टीईव्ही. म्हणजे आपल्या आकाशगंगेत कुणीतरी प्रोटॉनला एलएचसीच्या चारशे-साडेचारशे पट ऊर्जेपर्यंत ढकलतंय, तेही सर्रास.

पाठ्यपुस्तकातलं उत्तर होतं: ताऱ्यांच्या महास्फोटांचे अवशेष. एकूण ऊर्जेच्या हिशेबात ते बसतं. पण शर्मिष्ठा तारकासमूहातला 'कॅसिओपिया ए' हा तरुण, जोमदार अवशेष बघा. त्याचे गॅमा किरण काही टीईव्हीपाशीच संपायला लागतात. प्रोटॉन वायूवर आपटून गॅमा किरण निघतो तेव्हा त्याला प्रोटॉनच्या ऊर्जेचा साधारण दहावा हिस्सा मिळतो. म्हणजे तिथले प्रोटॉन काही दहा टीईव्हीपर्यंतच पोचलेत. गुडघा त्याच्या शंभर पट पुढे. म्हणून दुसरा उमेदवार शोधणं सुरू झालं.

आपल्याकडच्या एका मोजमापाचा इथे थेट संबंध आहे. उटीला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा ग्रेप्स-३ हा प्रयोग आहे. २०२४ मध्ये त्यांनी दाखवलं की प्रोटॉनचा आलेख गुडघ्यापर्यंत सरळ जात नाही, १६६ टीईव्हीच्या आसपास त्याचा उतार सौम्य होतो. याचं एक साधं वाचन असं की त्या पट्ट्यात आणखी एक प्रकारचा स्रोत भर घालत असावा. तो कोणता, हे मात्र तो आलेख सांगत नाही.

उमेदवाराची ओळख

मायक्रोक्वासार म्हणजे कृष्णविवर किंवा न्यूट्रॉन तारा आणि एक साधा तारा यांची जोडी. साध्या ताऱ्याचा वायू ओढला जातो, त्याची तबकडी बनते, आणि तबकडीच्या दोन्ही अंगांना द्रव्याचे झोत सुटतात. दूरच्या क्वासारची ही जणू लहान आवृत्ती, म्हणून हे नाव. ते १९९२ पासून रूढ झालं.

आज आपण मुख्यतः एसएस ४३३ बद्दल बोलू. गरुड तारकासमूहात, सुमारे १८ हजार प्रकाशवर्षांवर. १९७७ च्या एका यादीतला हा ४३३ वा तारा, बस एवढीच त्याची ओळख होती. १९७९ च्या सुमारास लक्षात आलं की त्याच्या वर्णपटातल्या रेषा एकाच वेळी तांबड्या बाजूलाही सरकतात आणि निळ्याही. म्हणजे द्रव्य आपल्याकडे येतंय आणि आपल्यापासून दूरही जातंय, प्रकाशाच्या २६ टक्के वेगाने! हे झोत स्थिर नाहीत, भोवऱ्याच्या डुलणाऱ्या आसासारखे १६२ दिवसांत एक फेरी घेतात. झोतांची एकूण शक्ती साधारण अडीच लाख सूर्यांइतकी. भोवती डब्ल्यू ५० नावाचा लांबट तेजोमेघ आहे, आकाशात चार पूर्ण चंद्र शेजारी शेजारी ठेवावेत इतका लांब.

एक मुद्दा मनात धरून ठेवा. या झोतांमधून हायड्रोजनच्या आणि लोहाच्या रेषा दिसतात. म्हणजे इथे साधं द्रव्य, प्रोटॉन आणि अणुकेंद्रकं, वाहतंय हे नक्की. इतर बहुतेक मायक्रोक्वासारच्या झोतांबद्दल इतक्या खात्रीने बोलता येत नाही. प्रोटॉनचा दावा करायला याहून चांगली जागा नाही, आणि म्हणूनच तो इथे नीट तपासायला हवा.

मॉडेल कसं बनतं

पाककृती सोपी आहे. झोतात एक भाग कल्पायचा. तिथे चुंबकीय क्षेत्र किती, ते ठरवायचं. कणांची ऊर्जेनुसार वाटणी कशी, म्हणजे उतार किती, ते ठरवायचं. कमाल ऊर्जा किती, झोताच्या शक्तीपैकी किती हिस्सा कणांना मिळतो, भोवती प्रकाश किती, वायू किती, आणि हा भाग कृष्णविवरापासून किती अंतरावर. झाली की नाही सात बटणं?

मग कण दोन प्रकारे गॅमा किरण काढतात. इलेक्ट्रॉन असेल तर तो आजूबाजूच्या मंद प्रकाशकणाला टोला मारून त्याला गॅमा किरण बनवतो. प्रोटॉन असेल तर तो वायूवर आपटतो, पायॉन नावाचे अल्पायुषी कण निघतात आणि त्यातल्या काहींच्या विघटनातून गॅमा किरण येतात. दोन्ही रीतींनी आलेख काढायचा, बटणं फिरवायची, आणि मोजलेल्या बिंदूंवर बसवायचा.

आता सात बटणं आणि गॅमा किरणांचे मोजके पाच-सहा बिंदू. बसणार नाही तर काय! अंगावर माप घेऊन शिवलेला सदरा अंगाला नेमका बसला, यात शिंप्याचं कौशल्य असेल, पण त्यावरून आतल्या माणसाची ओळख पटत नाही.

हे मी उगाच म्हणत नाही, असं झालेलं आहे. शर्मिष्ठेतच एलएस आय +६१ ३०३ नावाची एक जोडी आहे, २६.५ दिवसांत परिभ्रमण पूर्ण करणारी. रेडिओत तिथे झोतासारखं काहीतरी दिसत होतं. २००६ मध्ये मॅजिक दुर्बिणीला तिथून बदलते गॅमा किरण मिळाले, आणि त्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच तिला मायक्रोक्वासार म्हटलं होतं. झोताची मॉडेल्स तयार झाली आणि ती आलेखाशी जुळलीही. दुसऱ्या बाजूला काही जण म्हणत होते की हा झोत नसून स्पंदकाचा वारा ताऱ्याच्या वाऱ्यावर आपटतोय. त्यांचीही मॉडेल्स जुळत होती. वर्षानुवर्षं हा वाद आलेखांच्या जुळणीवर चालू राहिला. शेवटी २०२२ मध्ये चीनच्या ५०० मीटर व्यासाच्या फास्ट रेडिओ दुर्बिणीला तिथून ०.२६९ सेकंदांनी येणारे ठोके मिळाले. ठोके म्हणजे स्पंदक. कृष्णविवराच्या झोतावर उभी केलेली मॉडेल्स आकड्यांनी जुळत होती, पण त्यांनी गृहीत धरलेलं कृष्णविवर तिथे नव्हतंच.

यावरून मी एक कसोटी घेतो. मॉडेल आलेखाशी जुळतं का, हा पहिला प्रश्न झाला. खरा प्रश्न असा की, जे मापात घेतलंच नव्हतं असं काही ते बरोबर सांगतं का? विशेषतः जागा आणि वेळ. किरण कुठून यायला हवेत, कुठून यायला नकोत, कधी वाढायला हवेत?

इलेक्ट्रॉन : इथे मॉडेल उत्तीर्ण होतं

२०१८ मध्ये मेक्सिकोतल्या हॉक वेधशाळेने जाहीर केलं की एसएस ४३३ च्या दोन्ही बाजूंच्या पसाऱ्यांतून २० टीईव्हीच्या वरचे गॅमा किरण येतायत. लक्षात घ्या, कृष्णविवराजवळून नाही. तिथून ऐंशी-नव्वद प्रकाशवर्षं दूर, जिथे झोत पुन्हा क्ष-किरणांत दिसू लागतो तिथून.

इथे आपण स्वतः हिशेब करू, अवघड नाही. जलद इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात वळतो आणि वळताना ऊर्जा गमावतो. त्या भागातलं क्षेत्र १५ ते २० मायक्रोगाउस असावं, पृथ्वीच्या क्षेत्राच्या काही दहा हजारांशाएवढं. इतक्या क्षेत्रात एक पीईव्हीच्या इलेक्ट्रॉनचं आयुष्य येतं साधारण ३० ते ५० वर्षं. आणि झोत प्रकाशाच्या २६ टक्के वेगाने ८० प्रकाशवर्षं जाणार, म्हणजे ३०० वर्षं लागणार. कृष्णविवरापाशी वेग मिळालेला इलेक्ट्रॉन वाटेतच गार होईल. शिवाय कृष्णविवराजवळचं क्षेत्र कितीतरी जोरदार, तिथे तर आयुष्य याहून अल्प. निष्कर्ष सरळ आहे: त्वरण तिथेच, त्या ऐंशी प्रकाशवर्षांवरच, होत असलं पाहिजे.

यात एकही बटण फिरवलेलं नाही. क्षेत्र दुप्पट-निम्मं करून बघा, निष्कर्ष बदलत नाही.

मग जानेवारी २०२४ मध्ये नामिबियातल्या हेस दुर्बिणींचा निकाल आला. या दुर्बिणी आकाशाचं चित्र बरंच बारीक काढतात. त्यांनी गॅमा किरण ऊर्जेनुसार वेगळे केले. १० टीईव्हीच्या वरचे किरण बाहेरच्या झोताच्या अगदी बुडाशी. कमी ऊर्जेचे किरण त्याच्या पुढे पुढे, झोताच्या दिशेने पसरलेले. वरचा हिशेब बरोबर असेल तर हेच दिसायला हवं, कारण जास्त ऊर्जेचा इलेक्ट्रॉन लवकर थकतो आणि कमी ऊर्जेचा जास्त लांब वाहत जातो. उसाची मोळी डोक्यावर घेऊन निघालेल्या माणसांत ज्याने सगळ्यात जड मोळी घेतलीय तो पहिल्या बांधावरच टेकतो, तसं.

किती लांब वाहत गेले त्यावरून झोताचा तिथला वेगही काढता येतो. तो आला प्रकाशाच्या सुमारे ८ टक्के. आता गंमत बघा. जोरदार आघाततरंगातून वायू गेला की, तरंगाच्या सापेक्ष, त्याचा वेग साधारण एक चतुर्थांश होतो. हे जुनं, पक्कं भौतिकशास्त्र आहे. सुरुवातीचा वेग २६ टक्के, त्याचा चौथा भाग साडेसहा टक्के. मोजमापातली अनिश्चितता धरली तर आठ आणि साडेसहा जुळतात. म्हणजे तिथे आघाततरंग आहे, आणि झोत तिथपर्यंत जवळपास न मंदावता आलाय. वेगाचा हा आकडा किरणांच्या जागेवरून आला, चाळीस वर्षांपूर्वीच्या वर्णपटातून आलेल्या २६ टक्क्यांशी त्याचा काही संबंध नव्हता. दोन वेगळ्या वाटांनी येऊन आकडे एकमेकांना भेटले. मॉडेलवर विश्वास ठेवायचा तो अशा वेळी.

यातही त्रुटी आहेत. आघाततरंग नेमका तिथेच का, याचं उत्तर मॉडेल देत नाही. तो तिथे आहे असं धरून पुढचं गणित होतं. आणि इलेक्ट्रॉनला पीईव्हीच्या जवळ न्यायचं तर कण तरंगाच्या आरपार खूप लवकर लवकर ये-जा करायला हवेत. माझ्या ढोबळ हिशेबात, सगळं अत्यंत अनुकूल धरलं तर दहाएक वर्षं लागतात आणि आयुष्य तीस-चाळीस वर्षांचं. जमतं, पण फार सैल जागा नाही.

प्रोटॉन : इथे हिशेब उघडा राहतो

आता मुख्य दाव्याकडे. चीनमधली ल्हासो वेधशाळा ४४०० मीटर उंचीवर आहे. तिने २०२४ च्या अखेरीस पाच मायक्रोक्वासारकडून २५ टीईव्हीच्या वरचे गॅमा किरण मिळाल्याचं मांडलं. त्यात एसएस ४३३ चं चित्र फार रोचक आहे. १०० टीईव्हीच्या खाली दोन पसारे दिसतात, हेसने पाहिले तसेच. पण १०० टीईव्हीच्या वर चित्रच बदलतं. मोठा, पसरट ठिपका मधोमध येतो आणि तो हायड्रोजनच्या एका प्रचंड ढगावर पडतो. गटाचा अर्थ असा की हे प्रोटॉनचं काम आहे, आणि ते प्रोटॉन एक पीईव्हीच्या पुढचे आहेत.

अर्थ तर्काला धरून आहे, तेवढं श्रेय द्यायलाच हवं. मुख्य म्हणजे तो जागेवर उभा आहे. पण त्यापुढचा आकड्यांचा हिशेब बघा.

वायूतून जाणारा प्रोटॉन ऊर्जा गमवायला फार वेळ घेतो. दर घन सेंटिमीटरला २० अणू असतील तर साधारण तीस लाख वर्षं. आणि एसएस ४३३ चं झोत सोडण्याचं वय काही दहा हजार वर्षांचं. समजा तीस हजार वर्षं. तेवढ्या काळात प्रोटॉन आपल्या ऊर्जेचा शंभरावा हिस्सा गॅमा आणि इतर कणांत घालवणार. म्हणजे जे दिसतंय त्याच्या शंभर पट आणि त्याहून जास्त ऊर्जा प्रोटॉनमध्ये साठलेली हवी. झोतांनी तीस हजार वर्षांत एका महास्फोटाइतकी एकूण ऊर्जा ओतलीय, त्यामुळे हे अशक्य नाही. पण मग प्रोटॉन ढगातच रेंगाळायला हवेत, पटकन निसटता कामा नयेत. आणि पीईव्हीचे प्रोटॉन हेच तर सगळ्यात आधी निसटणारे.

इथे मॉडेलचा कच्चा दुवा आहे. प्रोटॉनकडून येणारा प्रकाश ठरतो दोन गोष्टींच्या गुणाकारावर: वायू किती आणि प्रोटॉन किती. आपल्याला फक्त गुणाकार दिसतो. भाजीवाल्याने एकूण बिल सांगितलं, पण भावही सांगितला नाही आणि वजनही नाही. मग तुम्ही म्हणणार, भाव स्वस्त असेल तर भाजी भरपूर होती! वायू दुप्पट धरला की प्रोटॉन निम्मे लागतात. वायू किती आहे ते रेडिओ निरीक्षणांवरून ठरवतात, पण त्यासाठी ढग नेमका किती अंतरावर आहे हे लागतं. ती दिशा आकाशगंगेच्या चकतीला लागून आहे, एकामागे एक ढग आहेत, आणि वेगावरून काढलेलं अंतर तिथे घसरतं. शिवाय शेजारीच एमजीआरओ जे१९०८+०६ नावाचा दुसरा तेजस्वी गॅमा स्रोत पसरलाय. त्याचा प्रकाश वजा केल्याशिवाय एसएस ४३३ वेगळा काढता येत नाही, आणि किती वजा करायचा हे पुन्हा एक मॉडेलच ठरवतं.

तर 'प्रोटॉन असू शकतात' हे मला मान्य. 'प्रोटॉन आहेत आणि ते इतके आहेत' यातलं 'इतके' मला मान्य नाही.

जिथे मॉडेल जागेशी भांडतं

दोन उदाहरणं पटकन. २०२० मध्ये फर्मी उपग्रहाच्या माहितीतून एक दावा आला. एसएस ४३३ पासून साधारण १०० प्रकाशवर्षं दूर, झोताच्या वाटेबाहेर असलेल्या एका वायूच्या ढगाकडून येणारे गॅमा किरण १६२ दिवसांच्या तालावर कमी-जास्त होतायत, म्हणजे झोताच्या डुलण्याचाच ताल. ऐकायला सुंदर! पण विचार करा. कण १०० प्रकाशवर्षं जाणार. त्यांच्या वाटांत एक टक्का जरी फरक पडला तरी एक प्रकाशवर्षाचा फरक, म्हणजे वर्षभर मागे-पुढे. १६२ दिवसांचा ताल त्यात पुसून जायला हवा. लेझीमचं पथक शंभर गल्ल्यांतून वेगवेगळं फिरून मैदानात यावं आणि ठेका तोच असावा, तसं झालं. निरीक्षण चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. पण प्रोटॉन ढगापर्यंत पोचतात एवढंच सांगणारं मॉडेल पुरेसं नाही. ते ताल कसा टिकवतात, हे त्याला सांगावं लागेल.

दुसरं, धनू राशीतला व्ही४६४१. २०२४ मध्ये हॉकने तिथून २०० टीईव्हीच्या वरचे किरण दाखवले, ल्हासोने ८०० टीईव्हीपर्यंतचे. हा पसारा लांबट आहे, शेकडो प्रकाशवर्षांचा. पण १९९९ च्या उद्रेकात त्याचा झोत जवळजवळ थेट आपल्याकडे रोखलेला दिसला होता. डोळ्यासमोर नेमकी सरळ धरलेली काडी लांब दिसत नाही, ठिपका दिसते. झोत आपल्या दृष्टिरेषेशी दहाएक अंशांचा कोन करत असेल आणि तरी ३०० प्रकाशवर्षं लांब दिसत असेल, तर त्याची खरी लांबी सहापट, दीड-दोन हजार प्रकाशवर्षं होते. आणि हे कोण करतंय? जो बहुतेक काळ शांत असतो तो! मग कुणी म्हणतं, झोताची दिशा पूर्वी वेगळी असेल. कुणी म्हणतं, कण आकाशगंगेच्या चुंबकीय रेषांवरून पसरले असतील. दुसरं मला जास्त पटतं. पण तसं असेल तर तो आकार झोताचा नाहीच, आणि त्या आकारावरून झोताची शक्ती काढणारी मॉडेल्स पायाशीच डळमळतात.

मग काय हवं

मॉडेल करणाऱ्यांना मी दोष देत नाही. बटणं सात असतील तर सात सांगावी लागतात, आणि चांगले गट ती सांगतात. अडचण पुढे होते. निबंधात 'सुसंगत आहे' असं लिहिलेलं असतं, बातमीत त्याचं 'सिद्ध झालं' होतं, आणि पुढच्या निबंधाच्या प्रस्तावनेत ते ज्ञात सत्य म्हणून येतं. दोन पायऱ्यांत 'असू शकेल'चं 'आहे' झालं.

प्रोटॉनचा दावा सिद्ध करायच्या वाटा माहीत आहेत. पहिली, क्ष-किरण. १०० टीईव्हीच्या वरचे गॅमा किरण देणारे इलेक्ट्रॉन तिथल्या क्षेत्रात क्ष-किरणांतही चमकायलाच हवेत. ढगाच्या जागी पुरेसं खोल निरीक्षण करून क्ष-किरण नाहीत असं दिसलं, तर इलेक्ट्रॉन बाद. दुसरी, न्यूट्रिनो. प्रोटॉनच्या टकरीतून ते निघतात, इलेक्ट्रॉनच्या वाटेने निघत नाहीत. अंटार्क्टिकातला आइसक्यूब आणि भूमध्य समुद्रातला केएम३नेट यांच्याकडे ते काम आहे. तिसरी, बारीक चित्र. १०० टीईव्हीचा तो पसरट ठिपका ढगाच्या आकाराशी तंतोतंत जुळतो की नुसता त्याच्यावर पडतो, हे आज सांगता येत नाही.

या तिन्हींपैकी एकाचंही उत्तर 'नाही' आलं तर मॉडेल मोडलं पाहिजे. मोडू शकेल असं मॉडेल आता आपल्याकडे आहे, ही मी चांगली बातमी मानतो.

इथे थांबतो. प्रश्न घेऊ.

प्रश्न : सर, भारतातल्या दुर्बिणी यात काही करू शकतात का?

उत्तर : करतायत. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे, तिने मायक्रोक्वासारचे रेडिओ वेध पूर्वीपासून घेतलेत. झोत कधी सुटला हे रेडिओत चांगलं कळतं, आणि मी म्हटलं तशी 'वेळेची' कसोटी लावायला नेमकं तेच लागतं. अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहाने क्ष-किरणांत जीआरएस १९१५+१०५ चा बराच अभ्यास केला. आणि लडाखमध्ये हानले इथे भाभा अणुसंशोधन केंद्राची मेस ही २१ मीटरची गॅमा दुर्बीण २०२४ मध्ये औपचारिकरीत्या सुरू झाली. पीईव्हीचे दावे तपासणं तिचं काम नाही. पण फर्मीच्या आणि हेसच्या पट्ट्यांमधली जी फट आहे तिथे ती बसते, आणि त्या १६२ दिवसांच्या तालासारख्या दाव्यांना तिथली मोजमापं लागतील.

प्रश्न : समजा प्रोटॉन सिद्ध झाले. मग वैश्विक किरणांचा प्रश्न सुटला म्हणायचं?

उत्तर : नाही, एक पायरी उरते, मोजणीची. आकाशगंगेतले सगळे वैश्विक किरण टिकवायला जी शक्ती लागते ती एसएस ४३३ च्या झोतांच्या शंभरेक पट आहे. झोतांच्या शक्तीतला दहावा भाग प्रोटॉनला मिळाला असं धरलं, तर एसएस ४३३ सारखे हजार हवेत. आपल्याला असा, अखंड इतक्या जोराने वाहणारा, एकच माहीत आहे. गुडघ्याजवळच्या कणांपुरतं बोलायचं तर मागणी कितीतरी कमी होते, कारण तिथे कणच थोडे. म्हणून माझा अंदाज असा की खालच्या ऊर्जेला महास्फोटांचे अवशेष आणि वरच्या टोकाला मायक्रोक्वासारचा काही वाटा, असं मिश्र उत्तर निघेल. पण हा अंदाज आहे. आत्ताच सांगितलेल्या माझ्याच कसोट्या त्यालाही लावा.